बांडगुळांच्या नोंदी : दादर-माटुंगा, उन्हाळा

या हंगामात मी सोनमोहर, आंबा आणि रेन ट्री या तीनच झाडांवर लक्ष ठेवले. पानगळीनंतर सोनमोहराच्या फांद्या उघड्या पडतात आणि बांडगुळाचे हिरवे झुपके रस्त्यावरूनही ओळखू येतात, म्हणून नव्या निरीक्षकांनी सुरुवात याच झाडापासून करावी. आपल्याकडचे नेहमीचे बांडगूळ म्हणजे डेंड्रॉफ्थी फाल्काटा. ते अर्धपरोपजीवी आहे. अन्न आपल्याच पानांत तयार करते, पण पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या जलवाहिन्यांपर्यंत शोषकमूळ घुसवून मिळवते.

माटुंग्यातील एका आंब्याची बाधित फांदी हाताशी येण्याइतकी खाली असल्याने ती बारकाईने पाहता आली. जोडाच्या जागी फांदी मुठीएवढी फुगली होती. तेथून निघालेली बांडगुळाची राखाडी मुळी सालीला चिकटून पुढे सरकत गेली होती आणि थोड्या थोड्या अंतरावर तिने नवी शोषकमुळे रुतवली होती. गाठीपासून खोडापर्यंतची पाने टवटवीत होती, गाठीपलीकडची बारीक आणि विरळ, तर शेंडा पूर्ण वाळला होता. बांडगुळाचे बाष्पोत्सर्जन यजमानापेक्षा अधिक असते आणि टंचाईतही ते पाणी ओढत राहते, त्यामुळे पहिली उपासमार शेंड्याची होते.

निरोगी झाड दोन-चार झुपके वर्षानुवर्षे सोसते, त्यामुळे बांडगूळ दिसले की झाड गेलेच, असे मी मानत नाही. मात्र ज्याच्या बुंध्याला काँक्रीट भिडले आहे आणि ज्याच्या मुळांशी पावसाचे पाणीही धड मुरत नाही, त्या पदपथावरच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये हे ओझे पेलत नाही. पाने कमी झाली की अन्ननिर्मिती घटते, छाटणीच्या जखमा लवकर भरत नाहीत, कीड आणि बुरशी शिरते, आणि वाळलेल्या फांद्या पहिल्याच वादळी पावसात खाली येतात. बाधित रेन ट्रीबाबत मला ही काळजी सर्वाधिक वाटते, कारण त्याच्या आडव्या, जड फांद्यांखाली माणसांची सतत ये-जा असते.

प्रसार मुख्यतः फुलटोच्या करतो. जेमतेम ८ सेंटिमीटरचा हा पक्षी पिकलेली फळे गिळतो. चिकट बी विष्ठेतून बाहेर पडताना सुटत नाही, म्हणून तो ते फांदीवर घासतो आणि तेथेच ते रुजते. त्यामुळे एका झाडावर झुपके दिसले की शेजारची झाडेही तपासावीत.

नुसते झुपके ओढून काढण्याचा उपयोग होत नाही. दादरच्या एका सोसायटीत कंत्राटदाराने तसे केले आणि सालीत उरलेल्या मुळीतून पुन्हा कोंब फुटले. फळे पिकण्यापूर्वी, खोडाच्या बाजूच्या शेवटच्या शोषकमुळाच्याही सुमारे ३० सेंटिमीटर अलीकडे फांदी कापणे हाच खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी घ्यावी. तरीही सरसकट निर्मूलनाला माझा विरोध आहे. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात आणि शिंजीर त्याच्या फुलांतील मध पितात, तेव्हा भरदार, निरोगी झाडावर एखादा झुपका राहू द्यावा.

माटुंग्याच्या त्या आंब्याची बाधित फांदी आता परवानगीने कापली आहे. पावसाळ्यात काप भरतो का आणि खालच्या सालीतून बांडगुळाचा कोंब येतो का, याची नोंद पुढील भागात देईन.