आंबेनळीचे दगड आणि माझी पीएचडी

जिऑलॉजीत पीएचडी केली म्हटलं की लोकांना वाटतं हातोडा घेऊन डोंगरात फिरायचं, मज्जाच मज्जा. फिरले की, पण सगळे मिळून नव्वदेक दिवस असतील, बाकीची सहा वर्षं दगडाचं पीठ करण्यात, मशीनसाठी नंबर लावण्यात आणि फेलोशिप जमा झाली का बघण्यात गेली.

माझा एरिया आंबेनळी घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढतो तो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून जे थर एकावर एक बसले त्यातल्या इथल्या खालच्या गटाला पोलादपूर म्हणतात आणि त्याच्या वरच्याला आंबेनळी, आणि डोळ्याला दोन्ही सारखेच, काळा पत्थर. फरक कळतो तो केमिस्ट्रीत. पोलादपूरच्या लाव्ह्यानं वर येताना कवचातला खडक जास्त खाल्लाय म्हणून त्यात बेरियम जास्त, आंबेनळी त्यामानानं स्वच्छ. म्हणजे सीमा कुठंय ते घाटात उभं राहून सांगताच येत नाही, रिपोर्ट आल्यावर कळतं. रस्त्याकडेचं बऱ्याच जणांनी आधी केलेलं म्हणून सरांनी (माझे गाइड) मला बाजूची डोंगराची एक सोंड दिली, जिथं रस्ता नाही.

प्रत्येक थराची उंची लिहायची असते. हातातल्या जीपीएसची उंची बेभरवशाची, आणि हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर हवा बदलली की दुपारपर्यंत वीस-तीस मीटर सरकतो. सर म्हणाले, "सकाळी निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर माहीत असलेल्या उंचीवर रीडिंग घ्यायचंच." मला तेव्हा हा छळ वाटायचा.

गावात एक आजी रोज विचारायच्या, "पोरी, पाणी कुठं लागंल ते सांग की." माझा विषय तो नाही हे दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. उलट त्यांच्या विहिरीत किती हातावर मांजऱ्या लागला हे त्यांना पाठ होतं, मांजऱ्या म्हणजे तो ठिपक्याठिपक्यांचा पोकळ्यावाला खडक, मी तेच वहीत लिहून घेतलं.

पहिल्या खेपेला २६ सॅम्पल घेऊन एसटीत चढले, प्रत्येक किलो-सव्वा किलोचं. कंडक्टर म्हणाले, "ताई, दगड भरलेत का काय?" म्हटलं, हो. लगेजचं तिकीट फाडलंच त्यांनी.

आणि त्यातले ११ बाद. भट्टीत हजार अंशाला तापवून वजन किती घटतं ते बघतात, त्याला एलओआय म्हणतात, ते चार टक्क्यांच्या वर आलं. म्हणजे आत झिओलाइट, पोकळ्यांत नंतर भरलेलं खनिज, पाणी धरून बसलेलं, असल्या दगडाच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार. मी वरच्या पोकळ्यांच्या भागातनं तोडले होते कारण तिथं हातोडा पटकन चालतो, थराच्या मधला घट्ट भाग फोडायला जीव जातो. पुढच्या नोव्हेंबरात परत तीच सोंड, परत तोच कंडक्टर नव्हता एवढंच नशीब.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांनी आयसोटोपवर, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवर, एक शब्द विचारला नाही. "सीमा इतक्या मीटरवर म्हणता, उंची कशावरून?" एवढंच धरून बसले. मी फील्ड नोटबुक पुढं केलं, सकाळ-संध्याकाळची रीडिंग, तारखेनिशी. पंधरा मिनिटं पानं उलटली त्यांनी. सर खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टर झाल्यावर चार वर्षं कॉलेजात सीएचबीवर शिकवलं, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, मे महिन्यात तास नाहीत तर पैसेही नाहीत, आणि बिल कधी निघेल ते ऑफिसलाच माहीत. एकदा तर दिवाळीचं बिल होळीला निघालं. त्या दिवसांवर जास्त लिहीत नाही, जे त्यातून गेलेत त्यांना माहितीये. गेल्या वर्षी एकदाची पर्मनंट ऑर्डर मिळाली.

ते बाद ११ दगड आईनं तुळशीभोवती मांडलेत. प्रॅक्टिकलला मुलांना खराब सॅम्पल दाखवायचं असलं की त्यातलाच एक उचलून नेते, संध्याकाळी जागेवर ठेवावा लागतो, नाहीतर आई विचारते, एक कुठं गेला.