घोड्यावरून एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाताना: सॅडलबॅग लहान घ्या आणि वजनकाटा घरून न्या

आधीच सांगतो, मोठी सॅडलबॅग घेऊ नका. दुकानदार काहीही सांगू दे, यूट्यूबवर कोणी काहीही भरून दाखवू दे, सॅडलच्या मागे लोंबणारी मोठी बॅग घेऊ नका. मी घेतली आणि त्याची किंमत घोडीनं मोजली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ऑक्टोबरात पहिल्या रायफल सीझनला (रायफलनं शिकार करायचा ठरलेला काळ) आम्ही तिघं, मी, माझा मेहुणा आणि ऑफिसातला एक अमेरिकन मित्र, कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेसमध्ये (राखीव रानात) सहा दिवस जाऊन आलो. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्याकडे यातलं सांगणारं कोणी भेटत नाही, आणि इथे अमेरिकेत जे सांगतात ते जन्मापासून घोड्यावर बसलेले असतात, त्यांना आपली अडचण कळतच नाही. लायसन्स, हंटर एज्युकेशन कार्ड (१ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं), अंगावर ५०० चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी फ्लुरोसंट कपडा आणि त्याच रंगाची टोपी, हे सगळं तुम्ही केलेलं असेल असं धरून चालतो. रोज आठ-दहा मैल चालायची आणि सलग चार तास सॅडलवर बसायची सवय नसेल तर आधी ती करा.

आता घोडं पेंड खातं ते इथे. घोड्यानं साधारण स्वतःच्या वजनाच्या २० टक्के भार उचलावा असं धरतात, सॅडल धरून. माझी घोडी डॉली, आउटफिटरकडून (शिकाऱ्यांना घोडे भाड्यानं देणारा) घेतलेली, अंदाजे ११०० पाउंडांची, म्हणजे २२० पाउंड. मी १७०, सॅडल ३५, बूट-जॅकेट वगैरे १५, रायफल ९, आणि माझी ती मोठी सॅडलबॅग २६ पाउंड. बेरीज २५५. ही बेरीज मी निघायच्या आधी केलीच नव्हती, कॅम्पवर घोडीची पाठ बघितल्यावर केली. दुकानातल्या माणसानं "तीस पाउंड आरामात जातात" म्हणून सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. बॅगेत तीस पाउंड मावतात हे खरंय, पण ते घोड्यानं कुठे झेलायचे? मागची बॅग नेमकी कमरेवर येते, तिथे खाली बरगड्यांचा आधार नाही. माणसाचं वजन निदान घोड्याच्या चालीबरोबर हलतं, बॅगेचं नुसतं आपटत राहतं.

आणि आपटली कुठे, तर जळक्या झाडांच्या पट्ट्यात. ट्रॅपर्स लेकच्या आसपास २००२ साली मोठी आग लागली होती, त्यातली उभी वाळलेली झाडं अजून वाऱ्यानं पडतात आणि वाटेवर आडवी येतात. (याच तळ्याकाठी बंगले बांधायचा प्लॅन होता, पण १९१९ मध्ये सर्व्हेला आलेला वनखात्याचा आर्थर कारहार्ट म्हणाला की ही जागा अशीच राहू द्या. तिथे उभं राहिलं की त्याचं म्हणणं पटतं.) वाइल्डरनेसमध्ये चेनसॉ चालत नाही, सगळं हातकरवतीनं, त्यामुळे पडलेलं प्रत्येक झाड वेळेवर हटेल असं नसतं. आम्हाला अडीच मैलांत चौदा ओंडके लागले, मी मोजलेत. दर वेळी घोडी पुढचे पाय उचलून टाकायची, मग मागून उसळी घ्यायची, आणि उसळीबरोबर बॅग हवेत जाऊन धप्पकन कमरेवर बसायची. बॅग वरच्या चामडी पट्ट्यांनीच बांधलेली होती, खाली मागच्या तंगाच्या कडीला काही अडकवलं नव्हतं. डावीकडे पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या आणि थर्मास, उजवीकडे नुसते कपडे. सातव्या-आठव्या ओंडक्याला सगळी बॅग डावीकडे घसरली, घोडीनं कान मागे टाकले आणि मागच्या पायांनी दोन उड्या मारल्या. मागून मेहुणा ओरडला, "दाजी, उतरा, उतरा आधी!" उतरलो. तिथून पुढे बॅग खांद्यावर टाकून पायी गेलो, चढावर, साडेनऊ हजार फुटांच्या वर, आणि ते दोन तास मी अजून विसरलेलो नाही.

कॅम्पवर सॅडल काढलं तर खालचं पॅड घामानं ओलं आणि पाठीवर कमरेच्या डावीकडे तळहाताएवढा डाग, तिथले केस घासून गेलेले, कडेला सूज. दोन बोटांनी हलकं दाबलं तर पाठ एकदम खाली घ्यायची. दुसऱ्या घोड्यांच्या पाठीवर असा डाग नव्हता कारण त्यांच्यावर तशी बॅग नव्हती, एवढा साधा हिशोब. उतरल्यावर रोज असं बोटांनी दाबून बघत जा, घोडा सांगतो.

मग घ्यायचं काय? मागे छोटी बॅग, दोन्ही बाजू मिळून १२ पाउंडांच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यात मऊ आणि हलकं सामान: रेनकोट, हातमोजे, दुपारचं खाणं. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि दुर्बीण, पुढे हॉर्नच्या (सॅडलच्या पुढच्या खुंटीच्या) दोन बाजूंना अडकणाऱ्या छोट्या बॅगांत, तिथे वजन घोड्याच्या खांद्याजवळ राहतं. फक्त त्या खांद्यावर आपटत नाहीत ना ते चालवून बघा. दोन्ही बाजूंच्या वजनात एका पाउंडापेक्षा जास्त फरक नको. रायफलचं स्कॅबर्ड (म्यान) एकाच बाजूला असतं हे विसरू नका, ते नऊ पाउंड सॅडल दिवसभर एका बाजूला ओढत राहतात, म्हणून पाणी दुसऱ्या बाजूला. घोड्यावर असताना रायफलचं चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामं, यात तडजोड नाही. आणि खाली उतरून घोडा बांधला की रायफल लगेच काढून घ्या, घोडा लोळला तर रायफलचं लाकूड मोडेलच, स्कोपही जाईल.

कापड की चामडं, यावर लोक तासन् तास बोलतात, माझ्या मते जाड कॉर्डुरा (नायलॉनचं मजबूत कापड) घ्या. चामडं दिसतं छान पण भिजलं की जड होतं आणि थंडीत वाळवणार कुठे. प्लॅस्टिकच्या बकलांपेक्षा पट्टा आणि लोखंडी बकल बरं, आमचं एक प्लॅस्टिकचं बकल दुसऱ्याच सकाळी गारठ्यात मोडलं. आणि चाकू, लायटर, सॅटेलाइट मेसेंजर, फर्स्ट एड, हे बॅगेत कधीच नाही. अंगावर. घोडा सुटून पळाला तर बॅगही पळाली आणि तुम्ही बर्फात नुसते उभे.

आता पैशाचं. आउटफिटरकडून दोन पॅक घोडे (सामान वाहणारे) ठरले होते, प्रत्येकी १५० पाउंड, म्हणजे एका बाजूच्या पॅनियरला (घोड्याच्या कुशीला लटकणारा सामानाचा खोका) ७५. आम्ही घरी सगळं तोलून २९० पाउंडांत बसवलं होतं आणि खूश होतो. ट्रेलहेडवर (पायवाट सुरू होते तिथे) त्यांनी काटा लावला आणि म्हणाले ३३८. कसं काय? तर पॅनियरचे प्लॅस्टिकचे चार खोके, एकेक १२ पाउंडांचा, ते आमच्या हिशोबात धरले. हे फोनवर नाही, ईमेलवर नाही, कागदावरही नाही. तिसरा घोडा घ्या म्हणाले, जायचे २७५ डॉलर आणि यायचे २७५. ३८ पाउंडांसाठी! सकाळचे सहा वाजलेले, सीझन दुसऱ्या दिवशी सुरू होणार, तिथे कोण भांडणार, दिले. पण मला राग पैशाचा नाही, आधी न सांगितल्याचा आहे. तुम्ही लेखी विचारा: १५० मध्ये रिकामा खोका धरता का, मांस बाहेर आणायचा दर वेगळा का, आणि शिकार झाली तर घोडे किती दिवसांत पाठवणार. आमच्याकडून मांसाचे परत वेगळे घेतले.

घरून टांगता स्प्रिंगचा काटा न्या, फार महाग येत नाही. पॅनियरच्या दोन बाजूंत दोन-तीन पाउंडांपेक्षा जास्त फरक ठेवू नका, नाहीतर उतारावर पॅक सॅडल फिरतं. टोकदार वस्तू घोड्याच्या अंगाच्या बाजूला नको, त्या बाजूला स्लीपिंग बॅग लावा. आमच्या तिघांची निम्मी खोगीरभरती होती: कॅम्पिंग खुर्च्या, दोन कंदील, मेहुण्यानं आणलेला लोखंडी तवा. त्यातला तवा मात्र मी परत नेईन, त्या थंडीत भाकरी खाल्ल्यावर जे बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मधले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी मित्राला नर मिळाला. पूर्ण वाढलेल्या नराचा मागचा एकेक पाय हाडासकट पन्नास पाउंडांच्या वर भरतो, म्हणून एक पाय एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, पुढचे पाय आणि पाठीचं मांस दुसऱ्या घोड्यावर, शिंगं सगळ्यात वर, टोकं घोड्याला टोचणार नाहीत अशी गोणपाटात गुंडाळून. कोलोरॅडोत नर-मादीची खूण मांसाला तशीच जोडलेली ठेवावी लागते, सोलताना लक्षात ठेवा. रक्ताच्या वासानं एक घोडा मागे मागे सरकायला लागला तेव्हा आउटफिटरच्या पोरानं त्याच्या डोळ्यांवर जॅकेट बांधलं, लादून झाल्यावर काढलं. जॅकेट हाताशी ठेवा.

परतीला रात्री चार इंच बर्फ पडलं. डॉलीवर मी सॅडल घातलं नाही. सॅडल पॅक घोड्यावर गेलं, मी दोर धरून सात मैल तिच्या बाजूनं चाललो, ओंडक्यांच्या पट्ट्यात ती मोकळी असल्यानं अलगद पाय टाकत गेली, एकदाही थांबली नाही. ट्रेलहेडवर मी परत दोन बोटांनी दाबून बघितलं. पाठ अजून थोडी खाली घेतली, पण पहिल्या दिवशीइतकी नाही. आउटफिटरच्या पोराला तो डाग मी स्वतः दाखवला आणि बॅग माझीच होती म्हणून सांगितलं, कारण नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोणीतरी नवा माणूस बसला असता.