आठवीनंतर कुठे? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सरकारी शाळा बघताना

ह्या एप्रिलचे पहिले दहा-बारा दिवस मी शाळा बघत हिंडले, आणि ते स्वतःच्या मुलीसाठी नाही, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या पोरीसाठी. आई पिको-फॉल करते, ब्लाऊज शिवते. पोरगी आरटीईच्या सीटवर पहिलीपासून एका प्रायव्हेट शाळेत होती, आठवी पास झाली आणि शाळेने हातात नववीच्या फीचा कागद ठेवला. कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा, त्यापुढे फी भरा नाहीतर टीसी घ्या. आई वर आली, म्हणाली ताई, आता सरकारी शाळेत घालायची तर कुठल्या, मला काहीच कळत नाही. मी स्वतः लष्कर भागातल्याच सरकारी शाळेत शिकलेय तरी मलाही पटकन सांगता येईना, तेव्हा म्हणलं चल, जाऊन बघू.

आधी एक गोष्ट, महाराष्ट्रातल्या वाचकांना पटकन लक्षात येणार नाही म्हणून सांगते. तिकडे दहावीनंतर ज्युनियर कॉलेज, इकडे मध्य प्रदेशात अकरावी-बारावी शाळेतच. पाटीवर ‘हाईस्कूल’ असेल तर शाळा दहावीपर्यंतच, ‘हायर सेकंडरी’ असेल तर बारावीपर्यंत. आणि बारावीपर्यंत असली तरी अकरावीला सगळे विषय असतीलच असं नाही, कुठे नुसतं आर्ट्स-कॉमर्स, कुठे मॅथ्स आहे तर बायो नाही. पोरीला नर्सिंग करायचंय, म्हणजे बायो पाहिजे, म्हणजे नववीत घालतानाच अकरावीचं विचारून ठेवायचं. हे आईला कोणीच सांगितलं नव्हतं.

नावं सगळेच सांगतात. महाराज बाडा चौकातली गोरखी, अटलजी (वाजपेयी) तिथे शिकले. मुलींसाठी पद्मा कन्या. शहराच्या मुरार भागातली उत्कृष्ट विद्यालय क्रमांक एक, पण तिथे नववीची भरती प्रवेश परीक्षेतून होते, आठवीत असतानाच फॉर्म भरावा लागतो, आमचं ते हुकलंच, आणि ह्याचं मला फार वाईट वाटलं कारण पोरगी नक्की बसली असती परीक्षेला. ज्यांची मुलं आत्ता आठवीत आहेत त्यांनी प्लीज दिवाळीपासूनच चौकशी सुरू करा. मग राज्य सरकारच्या सीएम राइज शाळा, ज्यांना २०२५ पासून सांदीपनी म्हणतात, तिथे मोठ्या बिल्डिंगा आणि बसची सोय असं सरकारचं धोरण आहे. पण नाव ऐकून शाळा कळत नाही, म्हणून आम्ही घराजवळच्या तीन शाळांत प्रत्यक्ष गेलो.

पहिली सगळ्यात जवळ, पायी दहा मिनिटं, भिंतीवर मोठ्या अक्षरात दहावीचा रिझल्ट रंगवलेला. मी लॅब बघायला मागितली तर चावी शोधण्यात वीस मिनिटं गेली. आत कपाटात बीकर होते, खाली वर्तमानपत्र पिवळं पडलेलं, बीकरवर धूळ इतकी की बोटाने नाव लिहिता आलं असतं. गणिताला अतिथी शिक्षक, म्हणजे कायम नसलेले, आणि त्यांची ह्या वर्षीची नेमणूक अजून झालेली नव्हती, म्हणजे कधी होईल तेव्हा गणित सुरू. मला रागच आला, सरांवर नाही, ते बिचारे एकटे तीन वर्ग सांभाळत होते, पण पोरींचा जून-जुलै असाच जातो ना.

दुसरी शाळा दहावीपर्यंतच, तिथे फार वेळ थांबलो नाही.

तिसरीला जायला टेम्पो (इकडची शेअर रिक्षा) बदलावा लागतो, इमारत जुनी, एका खोलीचं प्लास्टर पडलेलं. पण आम्ही गेलो तेव्हा दहावीच्या मुली लॅबमध्ये होत्या आणि मॅडमनी आमच्या पोरीलाच पुढे बोलावलं, परखनळीत चुन्याची निवळी, हातात स्ट्रॉ, म्हणाल्या फुंक. दोन-तीनदा फुंकलं आणि पाणी दुधासारखं झालं. पोरगी बघतच राहिली. आठ वर्षं इंग्लिश मीडियमच्या प्रायव्हेट शाळेत तिने हे पुस्तकात अंडरलाइन केलं होतं, करून पाहिलं नव्हतं! बायोला कायम शिक्षिका आहेत, अकरावीला बायो आहे. मी मुलींच्या टॉयलेटमध्येही जाऊन आले, कडी लागते, नळाला पाणी येतं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण पोरी ह्याच कारणाने दिवस-दिवस पाणी पीत नाहीत आणि घरी कोणाला सांगत नाहीत.

आईचा जीव टेम्पोवर अडकला होता, हिवाळ्यात दुसरी पाळी सुटेस्तोवर अंधार पडतो. गेटवर दोन मुली आमच्याच बाजूच्या निघाल्या, त्या रोज एकत्रच येतात-जातात, मग ती जरा शांत झाली. घरी येऊन टीसी, आठवीची मार्कशीट, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार सगळं एका पिशवीत घातलं. टीसीवर जन्मतारखेत एक आकडा चुकलाय, तो दुरुस्त करायला सोमवारी जुन्या शाळेत मी तिच्याबरोबर जाणार आहे, आणि ते झालं की मंगळवारी भरती.