आघूर्ण कोणत्या बिंदूभोवती घ्यावे?

समांतर बलांच्या संतुलनाचा पडताळा हा प्रयोग इतका सरळ मानला जातो, की अनेक विद्यार्थी निष्कर्षाचे वाक्य आधी लिहून ठेवतात आणि मग नोंदी घ्यायला बसतात. दोन तानकाटे (ताण मोजणारे स्प्रिंगचे काटे) स्टँडला टांगायचे, त्यांच्या आकड्यांत दोऱ्याचे फास अडकवून मीटरपट्टी आडवी लोंबती ठेवायची, पट्टीवर दोन ठिकाणी वजने लावायची आणि दोन गोष्टी तपासायच्या: वरच्या दिशेच्या बलांची बेरीज खालच्या दिशेच्या बलांच्या बेरजेएवढी आहे का, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती सव्य (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेची) व अपसव्य (उलट दिशेची) आघूर्णे, म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेचे लंबांतर, समान आहेत का. या ‘कोणत्याही’ शब्दाकडे मी स्वतः कित्येक वर्षे पुरेसे लक्ष दिले नव्हते.

एका तुकडीतील विद्यार्थिनीची मांडणी अशी होती. तानकाटे १० आणि ९० सेंटिमीटरच्या खुणांवर, २०० ग्रॅमचे वजन ३० वर, ३०० ग्रॅमचे ७० वर, आणि १२० ग्रॅमच्या पट्टीचे स्वतःचे वजन ५० वर, म्हणजे गुरुत्वमध्याशी. (हे शेवटचे वजन निम्मा वर्ग विसरतो, आणि मग या मांडणीत प्रत्येक काटा ‘उगाचच’ ६० ग्रॅम जास्त दाखवतो.) तिच्या नोंदी होत्या डावीकडे ३०० आणि उजवीकडे ३३५. बेरीज ६३५, खालची बेरीज ६२०. पंधराचा फरक तिने प्रायोगिक त्रुटी म्हणून सोडून दिला, कारण डाव्या काट्याच्या बिंदूभोवती घेतलेली आघूर्णे तंतोतंत जुळली होती: एका बाजूला २०० × २०, ३०० × ६० आणि १२० × ४० यांची बेरीज २६८००, दुसऱ्या बाजूला ३३५ × ८०, म्हणजे तेही २६८००. “बाई, एकाचाही फरक नाही!” असे तिने मोठ्या समाधानाने सांगितले.

मी तिला तीच आकडेमोड उजव्या काट्याच्या बिंदूभोवती करायला सांगितली. वजनांचे आघूर्ण २२८०० आले आणि डाव्या काट्याचे ३०० × ८०, म्हणजे २४०००. फरक १२००, आणि १२०० म्हणजे बरोबर १५ × ८०.

दोष डाव्या काट्यात होता. तो सोडवून रिकामा टांगला, तर दर्शक शून्यावर न थांबता १५ वर थांबला. पण डाव्या बिंदूभोवती आघूर्णे घेताना त्या काट्याचे अंतरच शून्य असल्यामुळे त्याची नोंद ३०० असो की ३०००, गणितात ती येतच नाही. जो काटा चुकत होता, नेमका त्याच्याच जागी बिंदू घेऊन तिने चूक झाकली होती, आणि तेही अजाणता. बिंदू सरकवला की आघूर्णांची बेरीज बदलते ती न जुळलेले बल गुणिले सरकवलेले अंतर एवढी. बले पूर्ण जुळली असतील, तरच बिंदूची निवड खरोखर मोकळी असते. शून्य त्रुटी वजा करून डावीकडचे २८५ घेतल्यावर पट्टीच्या शून्य टोकाभोवतीही दोन्ही बाजू ३३००० आल्या.

पट्टी किंचित कललेली दिसली की आपण विद्यार्थ्यांना रागावतो, ते मला आता थोडे अनाठायी वाटते. बले उभ्या दिशेत असतील आणि ती पट्टीच्या एकाच रेषेवर लागत असतील, तर कलण्यामुळे सगळी लंबांतरे एकाच प्रमाणात आखडतात आणि समानता टिकते. दोरे ओळंब्यात नसणे हे त्याहून घातक, कारण तेव्हा काटा तिरपा ताण दाखवतो आणि आपण तो उभा समजून मांडतो.

आता मी दोन्ही काट्यांच्या बिंदूंभोवती आघूर्णे मागते, मधल्या ५० च्या खुणेभोवती नाही. याच मांडणीत दोन्ही काटे सारखेच १५ ग्रॅम जास्त दाखवत असतील, तर मध्यबिंदूभोवती त्यांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि दोष फक्त बलांच्या बेरजेत, ३० ग्रॅमच्या रूपाने उरतो. उलट, एक काटा १५ जास्त आणि दुसरा १५ कमी दाखवत असेल, तर बेरीज निर्दोष दिसते. पण त्या दोन चुकांचे बलयुग्म (समान पण विरुद्ध दिशेच्या समांतर बलांची जोडी) होते, आणि मग बिंदू कुठेही घेतला तरी तोच १२०० चा फरक समोर येतो.