लिस्बनची वीज गेली तो सोमवार

माझ्या कामाची एक वही आहे. तिच्यात लिस्बनमधले बाक लिहून ठेवलेत. कुठल्या उतारावर कठडा आहे, कुठल्या जिन्याला किती पायऱ्या, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, कुठला कॅफेवाला म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं खुर्ची देतो, असं सगळं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. सकाळी पोर्तुगीजचा वर्ग आणि दुपारभर पायपीट, असा माझा पहिला हिवाळा गेला. उन्हाळ्यात आई नाशिकहून आली. अल्फामा या जुन्या, टेकडीवरच्या वस्तीच्या पायऱ्या मी तिला कौतुकाने दाखवत होते, तेवढ्यात ती मध्येच खाली बसली. दोन्ही गुडघे धरून. आजूबाजूला टेकायलाही जागा नव्हती. त्याच रात्री वही सुरू केली. पुढे मराठी पाहुण्यांना शहर दाखवायचं काम मिळालं, तेव्हाही आधी वहीच बाहेर निघाली. गटात सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला जे दिसतं तेच त्या गटाला दाखवलेलं शहर, असं मी मानते.

२८ एप्रिल २०२५ च्या सोमवारी माझ्याबरोबर वसईची अकरा माणसं होती. आदल्या दिवशी फातिमाची, म्हणजे इथल्या मारियामातेच्या तीर्थक्षेत्राची, यात्रा झाली होती, मंगळवारी सकाळी विमान होतं. सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम आणि सान्तो अँतोनियोचं चर्च एवढाच बेत ठेवला होता. पदुआचा संत अँथनी म्हणून आपल्याकडे ज्याला नवस बोलतात तो मूळचा लिस्बनचा, त्याच्या जन्मस्थळावर हे चर्च आहे. गटातल्या सगळ्यात वडील मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, खरं तर तेवढ्यासाठीच आल्या होत्या. आयुष्य वाडीत गेलेलं, केळी आणि पानवेल. गुडघे गेलेले, पण तक्रार नाही.

मार्तीम मोनीझला रांगेत उभं राहून बसायला जागा मिळवली. ट्राम ग्रासाची टेकडी चढून एश्कोलाश जेराइश या गल्लीत उतरली. गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून हात काढला तर घराची भिंत लागते. तिथे साडेअकराच्या सुमारास दिवे गेले आणि ट्राम थांबली. चालकाने ब्रेक लावला, दारं उघडली, आणि सगळ्यांना शांतपणे उतरायला सांगितलं. वरच्या खिडकीतून एक बाई ओरडून शेजारणीला विचारत होती, ‘फाल्तो आ लूश?’ म्हणजे उजेड गेला का? मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘लाइट गेली म्हणते ना गं, बाय?’ शब्द कळला नव्हता, सूर कळला होता.

पहिला अर्धा तास मला वाटलं गल्लीपुरतंच असेल. मग एका उभ्या मोटारीभोवती माणसं जमलेली दिसली. दार उघडं, आत रेडिओ लावलेला. पूर्ण पोर्तुगाल, पूर्ण स्पेन. मेट्रो बंद, सिग्नल बंद. माझ्या फोनवरचा नकाशा उघडेना. बसच्या माणसाला फोन लागेना. हॉटेल मार्केश द पोंबालच्या चौकाजवळ, म्हणजे टेकडी उतरून, सपाटी ओलांडून पुन्हा चढावर. एरवी माझ्या पायांना पाऊण तास. मावशींच्या पायांना किती, ते वहीत होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, आज आपण एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालणार. घाई कुणी करायची नाही.

पहिला टप्पा सान्ता लुझिया. गच्चीसारखी जागा आहे, खाली अल्फामाची छपरं, पलीकडे तेजू नदी. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं मोठं चित्र आहे, नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता त्याचं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. आधी जमीन हलली, मग नदीचं पाणी चढून आलं, आणि पडलेल्या मेणबत्त्या-चुलींमुळे आग लागली ती काही दिवस जळत राहिली. हे मी प्रत्येक गटाला सांगते. त्या दिवशी मात्र रस्त्यावर शहर थांबलेलं होतं, आणि ऐकणारी माणसं सर्व संतांचा सण स्वतः पाळणारी. कुणी मध्ये बोललं नाही. मग एका काकांनी हिशोब केला, ‘म्हणजे चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्याच्यानंतर सोळा वर्षांनी.’ मी नाशिकची आहे म्हटल्यावर ते मला सकाळीच म्हणाले होते, ‘आमची घंटा तुमच्याकडे आहे.’ नारोशंकराच्या देवळातली. वसईच्या विजयानंतर गोदाकाठी आली ती. लहानपणापासून तिच्याखालून जात आलेय, पण ज्यांच्या गावातून ती आली त्यांच्याशी बोलायची वेळ लिस्बनमध्ये आली.

जेवणाची अडचण झाली. दुकानांत कार्ड चालेना आणि गटातल्या निम्म्या लोकांकडे फक्त कार्डं. माझ्या पाकिटात पस्तीस युरो. मावशींनी कमरेची पिशवी सोडली. घडी घालून घालून मऊ झालेल्या नोटा, सत्तर युरो. एका वाणसामानाच्या दुकानात मेणबत्तीच्या उजेडात दुकानदार कागदावर बेरजा करत होता. मी काकांच्या औषधाची वेळ बघत होते, तेवढ्यात मावशी पुढे गेल्या आणि म्हणाल्या, ‘पाव.’ त्याने कागदी पिशवीत बारा पाव भरले. पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, बिजागरी, हे पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलेले शब्द मी गटाला नेहमी सांगते, लोक हसून टाळ्या देतात. त्यातला एक शब्द आज काउंटरवर नाण्यासारखा चालला. पाव, चीज, केळी. केळं सोलून मावशींनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘वसईचं नाही.’ पण खाल्लं.

मग लिमोएइरोचा उतार. इथली फरसबंदी पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या तुकड्यांची असते, वर्षानुवर्षं पाय लागून काचेसारखी गुळगुळीत झालेली. उतारावर ती म्हाताऱ्या माणसाची वैरीण. वहीत लिहिलंय, डाव्या अंगाने, भिंतीला धरून. मावशींचा एक हात भिंतीवर, एक माझ्या खांद्यावर. एवढ्याशा रस्त्याला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. एका दारात बसलेल्या आजोबांनी स्वतःची खुर्ची उचलून आणून दिली आणि आम्ही निघेपर्यंत स्वतः उभे राहिले.

सान्तो अँतोनियोचं चर्च उघडं होतं. भूकंपात पडलेलं हे चर्च पुन्हा उभं करायला लिस्बनच्या पोरांनी रस्त्यारस्त्यांत नाणी मागितली, असं इथे सांगतात. वर उजेड होता. पण जन्माची जागा खाली तळघरात, आणि तिथे मिट्ट काळोख. मी मावशींना म्हटलं, इथूनच हात जोडूया. त्या जिन्याच्या तोंडाशी थांबल्या, हलेनात. चर्चमधल्या माणसाने ते पाहिलं. आत जाऊन एक पेटलेली मेणबत्ती घेऊन आला आणि काही न बोलता आमच्या पुढे उतरायला लागला, दर पायरीला मागे वळून, ज्योत खाली धरून. मी मावशींच्या मागे. खाली त्या बराच वेळ उभ्या होत्या. ओठ हलत होते, त्यांच्या वसईच्या बोलीत. त्या जागेवर मी निदान चाळीस वेळा गेले असेन, आत दिवे असतात, पर्यटकांची ढकलाढकली असते. ती खोली मी नीट पाहिली ती त्या दिवशी.

पुढचा रस्ता सरळ होता. बायशाच्या सपाट गल्ल्या, रोसियू, मग आव्हेनीदा द लिबेरदादची झाडं आणि तिथले पुष्कळ बाक. रस्ते माणसांनी भरलेले, सगळे चालत घरी निघालेले. हॉटेलवर पोचायला संध्याकाळचे साडेसहा वाजले. लिफ्ट बंद, मावशींची खोली पाचव्या मजल्यावर. मी वर जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या आणि शाल आणली, हॉटेलच्या मुलांनी तळमजल्यावर न्याहारीच्या खोलीत गादी घातली. ‘लोडशेडिंगात आम्ही ओटीवरच निजायचो,’ मावशी म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या.

मी घरी चालत निघाले तेव्हा अंधार पडला होता. या शहरावर इतके तारे मी कधी पाहिले नव्हते. पेन्या द फ्रान्साचा चढ चढत असताना खालच्या बाजूला एकेक वस्ती उजळायला लागली, खिडक्या-खिडक्यांतून लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. माझ्या डोक्यावरचा दिवाही लागला. थोड्या वेळाने फोनला रेंज आली आणि निरोपांची रांग लागली. सगळ्यात वरचा मावशींच्या मुलाचा, वसईहून, तिथे पहाट व्हायला आली असणार: ‘ताई, आई कुठे आहे?’

तिथेच भिंतीला टेकून मी लिहिलं, ‘झोपल्यात. तळमजल्यावर. अँथनीला भेटून आल्या.’