स्क्रिप्ट आहे हो, उघडत नाहीये

परवा कॉलेजातल्या एका पोराचा फोन आला. म्हणजे मी ज्या कॉलेजात होते तिथल्या आत्ताच्या पोराचा, मला तिथून बाहेर पडून वीस वर्षं उलटून गेलीत. "ताई, तुमची ती २००३ ची एकांकिका आम्हाला करायचीय, सरांनी तुमचा नंबर दिला, स्क्रिप्ट मिळेल का?" मला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच गारद झालेली एकांकिका आहे ती आणि ती कुणाच्या लक्षात असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हटलं, "आहे की, रात्री पाठवते." तर तो म्हणतो, "पीडीएफ नको ताई, वर्ड असली तर बरं, आम्हाला दोन पात्रं कमी करायचीत."

तर ही माझी "रात्री पाठवते" सोळा दिवस चालली.

आता मी काही गबाळी नाही हां. बॅकअप घेणारी बाई आहे मी. प्रत्येक नवीन मशीन घेतलं की जुन्यातलं सगळंच्या सगळं उचलून नव्यात एका फोल्डरमध्ये टाकायचं, नाव "जुना लॅपटॉप". त्याच्यात शिरलं की "डेस्कटॉप", त्याच्यात "जुना पीसी", त्याच्यात "सगळं जुनं", त्याच्यात परत "डेस्कटॉप". जुन्या वाड्यात कसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात जात शेवटी कोळशाच्या खोलीत पोचायचो, तसं. आणि प्रत्येक खोलीत एकेक "नाटक" नावाचं फोल्डर. पाच सापडली. पाचही वेगवेगळ्या साईजची, आणि कुठलं आधीचं कुठलं नंतरचं ते तारखेवरून कळेल म्हणावं तर कॉपी करताना कुठेतरी तारखाच बदलल्यात, तिघांवर एकच दिवस, ज्या दिवशी नवीन लॅपटॉप आला तो.

सर्चमध्ये "एकांकिका" टाकून बघितलं. काही नाही. आणि येणार तरी कसं, २००३ मध्ये मराठीत फाईलचं नाव कोण देत होतं? टायपिंग मी केलंच नव्हतं, चौकातल्या डीटीपीवाल्या काकांकडून पानाच्या दराने करून घेतलं होतं, आणि काका फाईलला नाटकाचं नाव देत नसत, गिऱ्हाईकाचं देत. "कॉलेज१." अख्ख्या पेठेतल्या कॉलेजच्या पोरांच्या फाईली त्यांच्याकडे कॉलेज१, कॉलेज२ अशाच.

एका फोल्डरात "नाटक फायनल" बघून मी जवळजवळ टाळीच वाजवली. साईज बघितली तर २ केबी. दोन केबीत माझ्या नायकाचा एक नीट उसासासुद्धा मावणार नाही. मग लक्षात आलं, हा तो शॉर्टकट व्हायरस! आठवतोय ना, सायबर कॅफेत नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावला की सगळी फोल्डरं गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. खरी फोल्डरं आतच असायची, फक्त लपवलेली, ती परत दिसायला काळ्या स्क्रीनवर काहीतरी कमांड मारायला लागायची. मला तेव्हा हे कुठे माहीत, मी अगदी श्रद्धेने ते शॉर्टकटच कॉपी केले, दोनदा सीडीवर राईट केले आणि सीडीवर मार्करने लिहिलं "महत्त्वाचे". म्हणजे घराची कागदपत्रं म्हणून लॉकरमध्ये काय ठेवलं तर दारावरची पाटी.

मग माळा. जुन्या पीसीची ४० जीबीची हार्ड डिस्क, ती चपट्या पट्ट्याच्या केबलवाली आयडीई. आजच्या लॅपटॉपला ती लावायची तर कन्व्हर्टर लागतो, तोही नुसत्या यूएसबीवर चालत नाही, डिस्कला वेगळा पॉवरचा अडॅप्टर द्यावा लागतो. तपकीर गल्लीत जाऊन तो आणला. लावला. डिस्कने टक्, टक्, टक् असा आवाज केला आणि गप्प बसली. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

भाचा आयटीत आहे, तो म्हणाला, "मावशी, थ्री-टू-वन नियम माहितीये का?" पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो रुजवला म्हणे. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर दुसरीकडे. नियम चांगलाय. पण याच भाच्याने दोन वर्षांपूर्वी माझं सगळं क्लाऊडला जोडून दिलं होतं आणि "आता विसरून जा" म्हणाला होता, म्हणून मी विसरले, आणि एक दिवस जागा भरली म्हणून फोनवरून मोठ्या मोठ्या फाईली उडवल्या. त्या लॅपटॉपवरूनही गेल्या. सगळीकडूनच गेल्या, कारण तो बॅकअप नव्हताच, ते सिंक होतं, इथे पुसलं की तिथेही पुसायचं हेच त्याचं काम. कचरापेटीत ३० दिवस राहतं म्हणे, मला कळलं दोन महिन्यांनी. त्यात याच एकांकिकेच्या पार्श्वसंगीताची फाईल होती. आमच्या मित्राने पेटीवर वाजवलेलं, आम्ही कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेलं, वेव्ह फाईल, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, पंचवीस मिनिटांचे अडीचशे. आकाराने मोठी म्हणून यादीत सगळ्यात वर आली आणि म्हणून पहिली तीच गेली. त्याबद्दल मी भाच्याला काही बोलले नाही, बोलून काय होणार, पण तेव्हापासून मला "विसरून जा" म्हणणाऱ्यांचा राग येतो.

शेवटी फाईल मिळाली सीडीवरच. भाड्याने आणावा तसा एक यूएसबी सीडी ड्राईव्ह शेजाऱ्यांकडून आणला होता, सातव्या सीडीवर "कॉलेज१", ६०० केबीच्या आसपास. पेजमेकरची फाईल, म्हणजे डीटीपीवाले तेव्हा पानं मांडायला जे सॉफ्टवेअर वापरायचे त्याची. पेजमेकर आता कोणाकडे आहे? पण एक गोष्ट सांगते, कुणाला उपयोग होईल, लिबरऑफिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या "ड्रॉ" नावाच्या प्रोग्रॅममध्ये पेजमेकरच्या जुन्या फाईली उघडतात. उघडली! पानं दिसली, समासही अगदी काकांनी सोडले होते तसेच. आणि आत अक्षरांच्या जागी टिंबं, पौंडाची खूण, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ, भागाकाराचं चिन्ह. माझा नायक पहिल्या प्रवेशात सव्वा पान भागाकार बोलत होता.

तेव्हाचे फॉन्ट युनिकोड नव्हते ना, म्हणजे आत्तासारखी मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःची ठरलेली जागा नव्हती. कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले, काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा "श" वेगळा. आणि श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख, प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर भागाकार. काकांना फोन लावावा तर दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मग नेटवरचे कन्व्हर्टर एकेक करून लावत बसले. चौथ्याने मराठी बाहेर काढली, पण कशी?

"मी या वषार्त एकही किवता िलिहली नाही."

हे वाक्य मी लिहिलं होतं "मी या वर्षात एकही कविता लिहिली नाही" असं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, आधी "व" आणि मग वेलांटी, आधी "र्" आणि मग "ष". कन्व्हर्टरने क्रम बदलायचा असतो, याने कंटाळा केला. चाळीस पानं, प्रत्येक वेलांटी हाताने उचलून शेजारच्या घरी सोडायची. चार रात्री तेच केलं. फाइंड-रिप्लेसने काही निघतं, सगळं नाही, कारण वेलांटीला कधी एकच अक्षर ओलांडायचं असतं, तर कधी "स्थिती"तल्यासारखं अख्खं जोडाक्षर.

आणि हे सगळं करून शेवटच्या पानावर आले तर शेवटच वेगळा! यात नायक पत्र फाडतो. आम्ही तर स्टेजवर पत्र उघडलंच नव्हतं, भरत नाट्य मंदिरात तो पाकीट खिशात घालून निघून जातो आणि अंधार, हे मला लख्ख आठवतंय. म्हणजे सीडीवर होता तो पहिला खर्डा. तालमीत जे बदललं ते कुठल्याच फाईलमध्ये नाही, कधी नव्हतंच, ते सगळं पेन्सिलीने प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मैत्रिणीच्या झेरॉक्सवर.

ती आता ठाण्याला असते. फोन केला. "अगं आहे ना, कपाटावरच्या बॅगेत, थांब." मी थांबले. फोनवर स्टूल सरकवल्याचा आवाज आला, चेन उघडल्याचा आला. सहा मिनिटं. माझे सोळा दिवस आणि तिची सहा मिनिटं! टाचणी गंजलीये फक्त, म्हणाली. रात्री एक्केचाळीस पानांचे फोटो व्हॉट्सॅपवर आले, कडेला तिचं अक्षर, "इथे हा नेहमी विसरतो", आणि सतराव्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

सगळं जुळवून, नवा शेवट टाइप करून पोराला पाठवलं. वर्डमध्ये. दुसऱ्या दिवशी मेसेज, "थँक्यू ताई, जबरदस्त आहे. शेवट थोडा बदलला तर चालेल ना?"

चालेल म्हटलं, फक्त बदललेली फाईल मला पाठव. पाठवलीये त्याने. कुठे ठेवायची ते अजून ठरत नाहीये, सध्या डेस्कटॉपवर आहे.