किती येतील?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर लग्नात, जिन्यात, अगदी दहाव्यालासुद्धा कोणीतरी गाठतं आणि फोन पुढे करतं, "जुनं नाणं आहे, किती येतील?"

फारसे नाही येत हो. शिवराई घ्या, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारापासून इंग्रजी अमलापर्यंत बाजारात चाललेलं तांब्याचं नाणं, एकीकडे 'श्री राजा शिव' दुसरीकडे 'छत्रपति', ठसा मोठा आणि चकती लहान म्हणून निम्मी अक्षरं काठाबाहेर. ढिगाने सापडतात. साधी असेल तर दोघांच्या जेवणाच्या बिलाहून स्वस्त. पावली, चवली, अधेली, ढब्बू, काय नावं होती एकेक, पण ती कोणालाच ऐकायची नसतात.

आणि मी चिडतो असं म्हणता, तर त्याचंही सांगतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी लाल फडक्यात गुंडाळलेलं नाणं घेऊन आल्या. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, १८१८. खाचांमध्ये हळदकुंकू बसलेलं. नातवाने फोनवर लाखांचा आकडा बघितला होता आणि 'रजिस्ट्रेशन'चे दोन हजार भरूनही टाकले होते. रामदरबाराचं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही, खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं चिन्ह असतं, हे सगळं मी घडाघडा सांगितलं. आजी म्हणाल्या, "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, सांभाळून ठेवा म्हणून."

म्हणालो होतो. दहा वर्षांपूर्वी, नवा नवा नाद होता तेव्हा, हातात घेऊन, शहाण्यासारखी मान हलवून. मला तेव्हा कळत नव्हतं ही काय सबब झाली? कळत नाही एवढं म्हणायला काय पैसे पडत होते? बरं, आता कळतं म्हणून तोंडावर नाणं खोटं आहे म्हणायलाच हवं होतं का, तेही नातवासमोर... पण नसतं सांगितलं तर त्याने आणखी दोन हजार भरले असते. म्हणजे बरोबरच केलं मी. बहुतेक.

त्यांनी नाणं पुन्हा फडक्यात बांधलं, गाठ दोनदा मारली, चहा तसाच ठेवून गेल्या.

तर पाठवा फोटो. दोन्ही बाजूंचे. आणि नाणं आधी चिंचेने घासू नका.